कारणाचा रकाना

४ मार्च, सोमवार

आज कंपनीने माझ्या मनगटाला बेडी घातली. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला एकेक घड्याळ. काळं, रबरी पट्ट्याचं. वेळ दाखवतं, पण वेळेसाठी नाही. मी किती झोपलो, किती चाललो, छातीत किती ठोके पडले, सगळं म्हणे कंपनीच्या डॉक्टरीणबाईच्या कॉम्प्युटरवर जाणार. रात्रंदिवस बांधून ठेवायचं. महिनाअखेरीस जो हिरवा असेल तो मशीनवर, जो लाल असेल तो स्टोअरमध्ये, नट-बोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

एकतीस वर्षं या कागद कारखान्यात मेंटेनन्सला आहे. लोखंडी सळईचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावलं की कोणतं बेअरिंग किती दिवसांत जाणार ते मी सांगतो. अख्खी शिफ्ट मला कानमास्तर म्हणते. आणि आता माझी तपासणी कोण करणार? तर हे रबर.

घरी येऊन आदळआपट केली. ही म्हणाली, "एवढं काय चिडता? निदान कोणीतरी तुमचे ठोके ऐकतंय. मला पण एकदा ती सळई लावून बघा की."

"तू काय पंप आहेस?"

"पंप असते तर वेळच्या वेळी ग्रीस तरी मिळालं असतं."

हसलो दोघं. पण राग काही गेला नाही, म्हणून ही वही काढली. मशीनची नोंदवही आहे. कंपनीने कागदी नोंदी बंद करून टॅबलेट आणले तेव्हा कोऱ्या वह्या भंगारात चालल्या होत्या, त्यातल्या चार उचलून आणल्या. प्रत्येक पानाच्या तळाला छापील रकाने आहेत. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही, हा या वहीचा नियम. टॅबलेटवर काय, बोट फिरवलं की कालची चूक गायब.

तक्रार: घड्याळ.
कारण: साहेबांचं डोकं.
उपाय: नाही.
सही केली.

६ मार्च, बुधवार

झोपेला शंभरपैकी एकेचाळीस मार्क! शाळेतसुद्धा एवढे कमी पडले नव्हते मला. एकतीस वर्षं तीन-तीन शिफ्टा करून झोपेची माती झाली, ती या कंपनीनेच केली, आणि आता हीच कंपनी मला विचारते की बाबा रे, तू झोपत का नाहीस?

आज तर कहर झाला. मोठ्या रोलरखाली उताणा पडून सळई कानाला लावली होती, श्वास रोखून ऐकत होतो, तेवढ्यात मनगटावर गुरगुर. "बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं चाला." अरे, उठून काय रोलरवर डोकं आपटू? क्रेनवाला वरून बघत होता, हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही घड्याळ मिळालंय, पण त्याला झोपेला ब्याऐंशी मार्क आहेत. तो दिवसासुद्धा झोपतो.

डॉक्टरीणबाईचा फोन आला. आवाजावरून आमच्या लेकीच्या वयाची वाटली. म्हणाली, झोप अशीच राहिली तर तुम्हाला धोक्याच्या जागी काम देता येणार नाही. रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत. ती तीन वर्षं मी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणार नाही म्हणजे नाही.

७ मार्च, गुरुवार

उपाय सापडला. ही आजकाल बिछान्याला पाठ टेकायचा अवकाश, झोपते. टेकायचं तरी कशाला, काल भाजी निवडताना बसल्या बसल्या डोळा लागला. पूर्वी घरातलं शेवटचं भांडं जागेवर गेल्याशिवाय हिचं अंग जमिनीला लागायचं नाही. म्हटलं, वय झालं, बरंच आहे. रात्री घड्याळ हिच्या हाताला, सकाळी डबा घेताना माझ्या हाताला. कोणाला कळतंय?

"लबाडी आहे ही," म्हणाली.

"लबाडी त्यांची. मी फक्त जोडकाम करतोय."

तिने हात पुढे केला. पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागेल असं वाटलं होतं, पण माझ्याच भोकात बसला. म्हटलं, चांगली गुटगुटीत होत चाललीस की. तिने पदर मनगटावर ओढून घेतला.

८ मार्च, शुक्रवार

त्र्याहत्तर! घ्या!

१० मार्च, रविवार

बाजारात गेलो होतो. येताना वैताग आला. आमचा तिसरा मजला. पिशव्या माझ्या हातात, ही मोकळी, तरी पहिल्या जिन्यावर थांबली, दुसऱ्यावर थांबली. म्हटलं, आता काय? तर म्हणे चप्पल चावतेय. वर येऊन बघितलं तर घोट्यावर पट्ट्याचे खोल वळ. हल्लीच्या चपला म्हणजे नुसता कचरा. दुकानदाराला जाऊन सुनावणार आहे.

गादीवरही कटकट. हिला आता तीन उशा लागतात. सपाट झोपलं की गुदमरतं म्हणे. माझी उशीसुद्धा गेली, मी चादरीची घडी घेऊन झोपतो.

दुपारी म्हणाली, "अहो, छातीत काहीतरी फडफडतं मधूनच."

मी तेव्हा टॅबलेटवाल्या नव्या साहेबांना मनातल्या मनात शिव्या देत बसलो होतो. म्हटलं, गॅस असेल. गरम पाणी पी.

पाणी प्यायली. वहीत म्हटलं हीही नोंद करून टाकू, या घरात माझ्याखेरीज दुसरं मशीनही आहे तर.

तक्रार: छातीत फडफड.
कारण: गॅस.
उपाय: गरम पाणी.
सही.

१३ मार्च, बुधवार

संताप, संताप, संताप.

सकाळी घड्याळ हातात घेतलं तर लाल. "झोपेत ठोके अनियमित. वैद्यकीय सल्ला घ्या." दहा वाजता चालू शिफ्टमधून बोलावणं. सगळ्यांच्या देखत हातातला पाना खाली ठेवून दवाखान्यात गेलो. छातीला तारा चिकटवल्या, कागद काढला. कागद सरळ, एकही वाकडी रेघ नाही. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "बघा! यंत्र खोटं बोलतंय."

डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, हा त्रास येतो-जातो. दिवसा सापडत नाही, रात्री सापडतो. आठवडाभर रात्रीचे आकडे बरे नाहीत. कालच्या रात्री तर फारच." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "घड्याळ रात्री तुमच्याच हातात असतं ना?"

"मग काय शेजाऱ्याच्या?" मी म्हटलं.

तिने लिहून घेतलं. पुढच्या तपासण्या होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. स्टोअर.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही परातीत पीठ मळत होती. हात थांबला. "फारच, म्हणजे किती?" एवढंच विचारलं. मला वाटलं काळजी माझी.

१५ मार्च, शुक्रवार

स्टोअर म्हणजे पत्र्याच्या चार भिंती आणि एक ट्यूब. तिथून मशीन हॉलचा आवाज येतो, पण गोधडीखालून ऐकल्यासारखा. तीन नंबरचा पंप खरखरतोय. दोघांना सांगून आलो. टॅबलेटवर हिरवं दिसतंय, म्हणाले. दिसू दे. फुटेल तेव्हा टॅबलेटने पाणी पुसा.

लेकीचा फोन. हिने तिला कळवलं होतं. रडत होती. "बाबा, तुम्हाला वाटतं तुमचं शरीर तुम्हाला कळतं. असं नसतं. तुम्ही ऐका त्या डॉक्टरांचं."

"मला माझा ठोका अन् ठोका कळतो," मी ओरडलो. "एकतीस वर्षं मी लोखंडाचं दुखणं ओळखतोय, स्वतःचं ओळखणार नाही?"

फोन ठेवला तर ही दारात उभी. म्हणाली, "आज मी नाही बांधणार ते."

"का?"

"हात आवळतो."

"अगं, आता बंद केलं तर संशय येईल. गळ्याशी आलंय माझ्या आणि तुला पट्टा आवळतो? आयुष्यभर बाकी सगळं केलंस, ऐन वेळी एवढी साथ देता येत नाही?"

बांधलं. जेवली नाही धड. या बायकांचं गाल फुगवणं मला कधी कळलं नाही.

पण मी आता हे तडीस नेणार. आमच्या कामात प्रेशर गेजचा काटा लालमध्ये गेला की आधी गेजवर संशय घेतात. दुसरा गेज आणून त्याच जागी लावतात. शिकाऊ माणसालासुद्धा हे ठाऊक असतं, डॉक्टरांना नाही. रविवारी क्रेनवाल्याला त्याच्या घड्याळासकट घरी बोलावलंय. घड्याळ हिच्या हातावर खोटं बोलतं, तेव्हा तपासणीही हिच्याच हातावर करायची. मग तो पुरावा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जातो. कोणाच्या हातावर तपासलं ते सांगायची गरज नाही.

१७ मार्च, रविवार

क्रेनवाला चारला आला. चहा झाला. हे घड्याळ बटण दाबलं की जागच्या जागी ठोके तपासतं, मिनिटभर हात टेबलावर स्थिर ठेवायचा. त्याने दाखवलं, मला हे माहीतच नव्हतं.

आधी माझ्या हातावर माझं घड्याळ. हिरवं. मग माझ्या हातावर त्याचं. हिरवं.

मग हिला बोलावलं. "मला कामं आहेत," म्हणाली. परक्या माणसासमोर मी आवाज चढवला, तेव्हा येऊन बसली. दोन्ही हातांना दोन घड्याळं. मिनिटभर दोन्ही हात टेबलावर. माझं लाल झालं. मग त्याचं लाल झालं.

"बघ!" मी म्हटलं. "दोन्ही खराब. एकाच लॉटची असणार. पुराव्यानिशी पकडलं की नाही?"

क्रेनवाला हसेल असं वाटलं होतं. तो हिच्याकडे बघत होता. हिने पट्टे सोडले, कपबशा उचलल्या आणि आत गेली. तो उठला. सोडायला गेलो तर जिन्यात थांबून हळूच म्हणाला, "मास्तर, दोन्ही गेज एकच दाखवायला लागले की आपण काय करतो?"

"काय करतो म्हणजे?"

"तुम्हीच शिकवलंत मला. मी विचारतोय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घरी येऊन चहा पिऊन वर मला शिकवतोस? नीघ. तो निघाला. शहाणा समजतो स्वतःला. वीस वर्षं वर बसून खालच्यांच्या डोक्यावर लोखंड फिरवायचं, एवढंच येतं त्याला. दोन गेज एकच दाखवत असतील तर दोन्ही एका कंपनीचे आहेत एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या कंपनीचा आणून लावला असता तर कळलं असतं. आणि समजा, समजा त्यानेही लाल दाखवलं असतं तर मग आपण मशीन बंद करून

पुन्हा लिहायला बसलोय. साडेसहा वाजलेत. 

आत गेलो. ही ओट्याला टेकून उभी होती. म्हटलं, हात दे. तिने ओला हात तसाच दिला. मी मनगटावर दोन बोटं ठेवली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, हा हात मी हजार वेळा धरला असेल, नाडीसाठी कधी धरला नव्हता. दोन ठोके एकमेकांना चिकटून आले. मग काहीच नाही. मग तीन घाईघाईने, मग एक, इतका बारीक की बोटाला चुकवून गेला. फुटलेल्या बेअरिंगलाही एक ताल असतो, खट्-खट्-खट् असं ठरावीक. याला तालच नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळखोरासारखं तोंड करू नका. दोन महिने झाले."

"तुला माहीत होतं? तो लाल आकडा तुझा आहे, हे?"

"रात्री बांधत होते मी. माझा नाही तर कोणाचा असेल?"

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलो. खरंच ओरडलो तिच्यावर, या हाताने तो तसला हात धरून.

"काय बोलू? सांगितलं असतं तर तुमची लबाडी उघडी पडली असती. म्हटलं महिना संपू दे." हात काढून घेतला आणि पदराला पुसला. "आणि बोलले होते की मी. तुम्ही गॅस म्हणालात."

१८ मार्च, सोमवार

सकाळी आठला तिला घेऊन कंपनीच्या दवाखान्यात. जिन्यावर आज मी आधी थांबत होतो, प्रत्येक वळणावर. मला काही झालं नव्हतं. तिला थांबायचं निमित्त लागू नये म्हणून.

डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं, एका दमात. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हिच्या पायाजवळ बसली आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. चप्पल म्हणे. चपलेच्या दुकानदाराला सुनावणार होतो मी.

कागद काढला. रेघा वाटेल तशा धावत होत्या. बाईने फोन करून गाडी मागवली, मोठ्या हॉस्पिटलात खाट सांगितली आणि मग माझ्याकडे वळली.

"पाच दिवस, काका. पाच दिवस मी भलत्याच माणसाच्या मागे धावले. यांच्या हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली असती तर कुठल्याही सकाळी अर्धं अंग गेलं असतं. किंवा सगळंच."

काय सांगू, तेव्हाही मला रागच आला. तिचा. म्हटलं, "तुमच्या यंत्राला एवढं सगळं कळतं, हात कोणाचा आहे ते कळलं नाही?"

"तुम्हाला कळत होतं ना?" ती म्हणाली.

गाडी आली तेव्हा हिने मला घराची किल्ली दिली आणि दूध तापवायचं राहिलंय म्हणून सांगितलं.

२१ मार्च, गुरुवार

हॉस्पिटल. अंगातलं साचलेलं पाणी औषधाने उतरलंय. पट्ट्याचे वळ गेले, बोटांची हाडं दिसू लागली. तिला गुटगुटीत म्हणालो होतो. रक्त पातळ करायची गोळी आता जन्माची. एका उशीवर झोपली काल, पूर्ण रात्र. खाटेशेजारचं यंत्र टिकटिकत होतं आणि मी बाकावर बसून ऐकत होतो. ताल अजून पक्का नाही, पण पूर्वीपेक्षा बरा. डॉक्टरांनी सांगायच्या आधी मला कळलं. त्याचं कौतुक करून घ्यावं अशी माझी लायकी नाही.

कंपनीचं पत्र आलं. फसवणूक, चौकशी वगैरे. करा म्हणावं. तीन नंबरचा पंप मंगळवारी फुटला, हॉलमध्ये घोटाभर पाणी. क्रेनवाला सांगायला आला होता. मी त्याचा हात धरला, तो म्हणाला राहू द्या मास्तर.

लेक आली आहे. माझ्याशी बोलत नाही. दोन दिवस नुसती आईचे केस विंचरते आणि मी आत आलो की बाहेर जाते. आज पॅसेजमध्ये एकदाच म्हणाली, "मला तिने तुमच्यासाठी फोन केला होता, बाबा. स्वतःसाठी नाही. आणि मी पण तिला विचारलं नाही, आई, तू कशी आहेस." तिच्यावर रागवायला मला तोंड नाही. माझा राग आता जातो कुठे, तर सरळ माझ्याकडेच, आणि तिथून हलत नाही.

२६ मार्च, मंगळवार

घरी आलो. लेकीने आईसाठी नवं घड्याळ आणून दिलंय, आईचं स्वतःचं. ही म्हणाली, राहू दे बांधलेलं, निदान ते खोटं बोलत नाही. कोणाकडे बघून म्हणाली ते सांगायला नको.

सकाळी घड्याळाचा आकडा लिहितो. मग बोटांनी मोजून माझा आकडा लिहितो. आणि त्या दोन्हीच्या आधी तिला विचारतो, कसं वाटतंय. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत तक्रारीच्या रकान्यात लिहितो. कारणाचा रकाना कोरा. तो डॉक्टरांचा. माझा नाही.

मधे एकदा मागची पानं चाळली. दहा तारखेचं पान. फडफड, गॅस, गरम पाणी, खाली माझी झोकात केलेली सही. पान टराटरा फाडावं असं वाटलं. हात कडेला गेला होता. फाडलं नाही.

२९ मार्च, शुक्रवार

आज सकाळी विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, "पेन इकडे द्या. आज मी लिहिते."

वही मांडीवर घेऊन लिहिलं. मला बघू दिलं नाही. मग वही मिटून माझ्यापुढे सरकवली आणि आत गेली. उघडून बघितलं.

तक्रार: दहा तारखेला सांगितलं होतं.

बाकीचे रकाने तसेच सोडलेत. खाली तिची सही. चौतीस वर्षांत तिची सही कशी असते ते मी आज बघितलं. पहिलं अक्षर मोठं काढते आणि शेवटी रेघ मारत नाही.

बराच वेळ बसून राहिलो. मनगटावर आता घड्याळ नाही, उठा, चाला म्हणणारं कोणी नाही.

कारण: ऐकलं नाही.

तिच्या सहीशेजारी माझी सही केली. उपाय काय लिहावा ते अजून सुचलेलं नाही. आतून हाक मारते आहे. पहिल्याच हाकेला उठतो.